आज्जीची शुश्रूषा केली, आता नर्सिंगलाच जायचंय. एवढं कारण पुरेसं आहे का?

माळरान | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

माझं गाव औसा तालुक्यात. दहावीनंतर लातूरला खोली घेऊन राहिले, इथल्या बहुतेक पोरापोरींसारखी नीटच्या तयारीला. मागच्या मे महिन्यात परीक्षा दिली. मार्क एमबीबीएसला पुरणारे नव्हते. रिपीटच्या बॅचला नाव घातलं, आणि जूनमध्ये आज्जी न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचं हृदय आधीपासून कमजोर, त्यामुळे भूल देण्यात धोका आहे असं डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशन न करताच घरी आणलं. आई-पप्पा दोघं शेतात, पेरणीचे दिवस. मी म्हटलं, महिनाभर थांबते. तो महिना डिसेंबरात संपला, आज्जी गेली तेव्हा.

सुरुवातीला मला काहीच येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. मी रोज खोबरेल तेल लावून तो चोळायची आणि वरून टाल्कम पावडर टाकायची. चार दिवसांत कातडी सोलली, रुपयाच्या नाण्याएवढी जखम झाली. उपकेंद्राच्या सिस्टर गावात लसीकरणाला आल्या होत्या, त्यांना हात जोडून घरी आणलं. त्या रागावल्या नाहीत. खाली बसल्या आणि मला शेजारी बसवून म्हणाल्या, लाल झालेली जागा चोळायची नसते, आतली कातडी आधीच दबून मेलेली असते, चोळलं की तुटते. पावडर बंद. मेडिकलवाल्याने दिलेली हवेची गोल रिंगही काढायला लावली, कारण तिच्या कडेने रक्त अडतं. चादरीची एकेक सुरकुती हाताने सपाट करून दाखवली. दर दोन तासांनी कूस बदलायची, दुखऱ्या बाजूला पुरतं वळवायचं नाही, पाठीला उशी देऊन नुसतं कलतं करायचं. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. जखम सलाईनच्या पाण्याने धुवायची, बाकी काही ओतायचं नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी वेळा लिहायला लागले. ६ डावी, ८ उताणी, १० उजवी कलती. रात्री मोबाइलला गजर लावून उठायची. पाच आठवड्यांत जखम भरून आली. तेवढा आनंद मला बारावीच्या निकालाचाही झाला नव्हता.

पण मला इथे खरं सांगायचंय ते वेगळं आहे. आज्जी पाणी पीत नव्हती. कितीही म्हणा, दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. मला वाटायचं तोंडाला चव नाही. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. बेडपॅन द्यायला लागू नये म्हणून ती तहान मारत होती. सिस्टर दार लावून आल्या, कंबरेवर चादर अंथरली आणि काहीही उघडायच्या आधी तिच्या कानाशी म्हणाल्या, "आज्जी, आता मी पुसून घेते, पाणी कोमट आहे, दारात कुणी नाही." आज्जी पदर तोंडावर घेऊन पडलेली असायची नेहमी. त्या दिवशी तिने पदर बाजूला केला. मीही तसंच करायला लागले, दर वेळी आधी सांगायचं, मगच हात लावायचा. आठवड्याभरात तांब्याभर पाणी प्यायला लागली.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि खाटेवरचं माणूस, यांच्या मधे कुणीतरी लागतं. मला ते व्हायचंय. बीएस्सी नर्सिंग. डॉक्टर होता येत नाही म्हणून म्हणत नाहीये, जानेवारीत परत लातूरला आले तरी माझं मन त्याच कॅलेंडरवर आहे.

पप्पा म्हणतात, "नीटला एवढं घातलं ते दुसऱ्याचं हगणं-मुतणं काढायला का? बीएएमएस तरी घे. लग्नाच्या वेळी काय सांगू?" आई काही बोलत नाही. क्लासमधले सर म्हणाले, आजी गेल्याचं दुःख आहे, सहा महिन्यांत उतरेल.

त्यांचं शेवटचं वाक्य मला खातंय. खरंच उतरेल का? एका माणसाची सेवा केली, एवढ्यावर आयुष्यभराचा निर्णय घ्यावा का? जे या कामात आहेत त्यांनी कृपया सांगा.

---

वाळवंटातला_पिंपळ | रविवार, रात्री १०:५२

आज्जींना श्रद्धांजली. तहान मारण्याचा प्रसंग वाचून थांबलो. माझी आई शेवटी असंच करायची, आम्हाला ती गेल्यावर कळलं. जाणकार सांगतीलच.

---

जुनी_सिस्टर | सोमवार, सकाळी ६:४०

बाळ, ३४ वर्षं सरकारी रुग्णालयांत काढली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, परिसेविका (वॉर्डची इनचार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. तुझं पत्र दोनदा वाचलं.

कारण पुरेसं आहे. पण ते तुला वॉर्डाच्या दारापर्यंत नेईल. आत गेल्यावर पलंगावर तुझी आज्जी नसते. दारू पिऊन पडलेला, शिव्या देणारा, सुई लावताना हात झटकणारा माणूस असतो. सून आणि मुलगा खाली बिलावरून भांडत असतात आणि वर म्हातारा गेलेला असतो. त्याच्यासाठी पण दार लावायचं, चादर अंथरायची आणि पाणी कोमट आहे म्हणून सांगायचं. तुझ्या आज्जीशी तू जसं वागलीस ते तुला प्रेमामुळे जमलं. अनोळखी माणसाशी तसंच वागायला शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं. आम्ही सगळ्या शिकलोच.

माझी एक चूक सांगते. नोकरीला पाच-सहा वर्षं झाली असतील. मेडिसिन वॉर्ड, नाइट ड्यूटी, ४० च्या वर पेशंट आणि आम्ही दोघी. भारतीय परिचर्या परिषदेचं (नर्सिंग कौन्सिलचं) प्रमाण साध्या रुग्णालयात ५ पेशंटमागे १ नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १ असं आहे. आमच्याकडे काय होतं ते तू हिशोब करून बघ. एका म्हाताऱ्याला सलाईन लावलं होतं. त्याची बायको दर पंधरा मिनिटांनी टेबलापाशी येऊन विचारायची, "सिस्टर, बाटली संपली का हो?" चौथ्या वेळेला मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्यावर ओरडले. ती गेली आणि पुन्हा आली नाही.

पहाटे चारला राऊंड घेताना बघते तर बाई स्टुलावर बसलेली, डोळे बाटलीवर, पापणी लवत नाही. म्हटलं, मावशी झोपा की जरा. तर म्हणाली, "बाटली संपली की नळीतनं हवा जाती आन माणूस मरतंय म्हणं. म्हणून बघत बसलीय." शेजारच्या पलंगावरच्या कुणीतरी तिला ते सांगितलं होतं. रात्रभर ती नवऱ्याचा जीव डोळ्यांनी धरून बसली होती, आणि मी तिच्यावर ओरडले होते.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एकही सलाईन न बोलता लावलं नाही. "मावशी, ही बाटली संपली तर लगेच काही होत नाही. सलाईन थांबतं, नळीत थोडं रक्त उलटं दिसेल, त्याला घाबरायचं नाही, मला हाक मारायची." वीस सेकंद लागतात. विद्यार्थिनींनाही मी सुई टोचण्याच्या आधी हे वाक्य शिकवायची.

तुझ्या सरांना सांग, दुःख उतरेल हे खरं आहे, उतरायलाच पाहिजे. दुःखात माणूस ड्यूटी करू शकत नाही. पण रात्री गजर लावून उठायची जी सवय अंगाला लागली ती उतरत नाही.

---

कोथरूडकर_बाबा | सोमवार, सकाळी ९:२०

इथे सगळे पाठिंबा देतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये. माझी मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

खासगी रुग्णालयात तिचा पहिला पगार १६ हजार होता. बारा तासांची ड्यूटी, कागदावर आठ. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती, सोडताना ती परत मिळवायला दोन महिने फेऱ्या मारल्या. पाय सुजायचे. पहिल्या वर्षी तिच्या हातून एक लहान मूल गेलं, म्हणजे तिची चूक नव्हती, पण पंधरा दिवस ती जेवली नाही. त्या काळात तिच्याशी बोलायला रुग्णालयात कुणी नव्हतं. आम्ही होतो म्हणून निभावलं.

या मुलीच्या वडिलांना मागासलेलं समजू नका. शेतकरी माणसाने कर्ज काढून लातूरची खोली आणि क्लास भरला असेल. त्यांच्या प्रश्नात "लोक काय म्हणतील" एवढंच नाही, "पोरीचं पोट भरेल का" हेही आहे. करुणेने खोलीचं भाडं भरता येत नाही. तिने हा हिशोब डोळे उघडे ठेवून करावा.

(मुलगी आता केंद्र सरकारच्या रुग्णालयात आहे, चांगली आहे. पण मधली तीन वर्षं कठीण होती, ती झाकू नयेत.)

---

माळरान | सोमवार, दुपारी १:०५

जुनी सिस्टर काकू, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. बाटलीकडे बघत बसलेल्या मावशी डोळ्यांसमोरून जात नाहीत.

बाबा, राग कशाला येईल. तुम्ही पप्पांची बाजू इतकी नीट मांडलीत की मलाच पहिल्यांदा समजली. कर्जाचं खरं आहे. तुमच्या मुलीला सरकारी नोकरी कशी मिळाली ते सांगाल का?

---

कोथरूडकर_बाबा | सोमवार, दुपारी २:३०

एम्सची नॉरसेट म्हणून परीक्षा असते, त्यातून नर्सिंग ऑफिसरची भरती होते. सातव्या वेतन आयोगात ती लेव्हल ७ ची पोस्ट आहे, मूळ वेतन ४४,९०० पासून, वर भत्ते. अभ्यास खूप करावा लागतो. मुलगी नोकरी करून रात्री अभ्यास करायची. राज्य सरकारची अधिपरिचारिकेची भरती वेगळी असते, ती निघाली की अर्ज करायचा, वाट बघत बसायचं नाही.

---

ऑक्सिजन_सिलिंडर | सोमवार, सायं. ७:१०

मी पुरुष नर्स आहे, नाशिक. वॉर्डात आम्हाला "ब्रदर" म्हणतात. माहितीपुरतं लिहितो, कारण चुकीच्या कॉलेजात पैसे घालून फसलेली मुलं मी बघितली आहेत.

बीएस्सी नर्सिंग ४ वर्षं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला पीसीबीत ४५ टक्के, राखीव गटाला ४०. वय ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) ३ वर्षांचा, एएनएम (सहायक परिचारिका) २ वर्षांचा. तुझं पीसीबी आहे, तर बीएस्सीच कर, पुढे एमएस्सी, शिकवणं, सगळी दारं उघडी राहतात. महाराष्ट्रात यासाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र सीईटी असते. नीटचा अभ्यास केलेल्या मुलीला विज्ञानाचा भाग जड जाणार नाही, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूडकडे मात्र लक्ष दे.

कॉलेज निवडताना इमारत बघू नको. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींच्या यादीत नाव आहे का, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे बघ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कॉलेजला स्वतःचं किंवा जोडलेलं किती खाटांचं रुग्णालय आहे आणि त्या खाटांवर खरंच पेशंट असतात का, ते स्वतः जाऊन बघ. रिकाम्या वॉर्डात पुतळ्यावर शिकलेली नर्स पहिल्या नाइटला रडते.

आणि तू मुलगी आहेस, नीट दिली आहेस, म्हणून एक दार आणखी आहे. सैन्याची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, शिक्षण सरकारी खर्चाने, नंतर अधिकारी म्हणून नेमणूक आणि बंधपत्राप्रमाणे सेवा. आपल्या राज्यात पुण्याचं एएफएमसी (सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी (नौदलाचं रुग्णालय) या दोन ठिकाणी कॉलेज आहे. निवड नीटच्या गुणांवरून पहिली चाळणी लावून, मग परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय. फक्त मुलींसाठी आहे, आणि तू अविवाहित आहेस, म्हणजे ती अडचण नाही. तुझी नीटची तयारी वाया गेली असं वडिलांना वाटतंय ना? इथे तीच लागते.

---

पैनगंगा | सोमवार, रात्री ९:४८

"हगणं-मुतणं काढायला का" या वाक्यावर बोलायला हवं, कारण ते एकट्या वडिलांचं वाक्य नाही, आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. शरीरातून निघणाऱ्या गोष्टींना हात लावण्याचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या काही ठरावीक जातींवर आणि घरातल्या बायकांवर ढकललं. घरात सून करते तेव्हा ती "सेवा", बाहेर पगार घेऊन केलं की हलकं काम. म्हणून आपल्याकडे सुरुवातीला या शिक्षणात मिशन हॉस्पिटलांतल्या ख्रिस्ती मुली पुढे होत्या, मिरजेपासून सगळीकडे.

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या मुलींना, त्यांत विधवाही होत्या, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट काढून दिली, तेव्हाचा विरोधही याच प्रकारचा होता. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून आणत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळच्या, त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांचे फोटो लावतो, आणि त्याच घरातली मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली की कपाळाला आठ्या घालतो.

दुसरं, "एका माणसावरून आयुष्याचा निर्णय" याबद्दल. आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा त्या १४ वर्षांच्या होत्या, आणि त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्यासमोरही आधी एकच माणूस होतं, आणि तेही दहा दिवसांचं.

---

हेटी_गाव | सोमवार, रात्री ११:२०

मी आशा सेविका आहे, गडचिरोली जिल्हा. शिक्षण दहावी. इथे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण ताईचं वाचून लिहिते.

आमच्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायांनाच आरोग्यदूत केलं आणि घरच्या घरी नवजात बाळ वाचवता येतं हे दाखवलं. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पुढे २०११ पासून सरकारने तेच काम आशांना दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आम्ही सहा वेळा घरी जातो, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

गेल्यावर पहिले हात धुतो, कोरडे करतो. मग हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे तळपाय आणि पोट बघतो. पोट गरम आणि पाय थंडे असले तर बाळ गारठून राहिलं आहे. मग आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून वरून पांघरूण. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन करतो. दम लागल्यासारखं वाटलं तर पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो, ६० किंवा जास्त आले तर परत मोजतो. परत तेवढेच आले तर गाडी बोलावतो.

सुरुवातीला मला वाटे, माया असली की झालं. मग एका घरी बाळ दूध पीत नव्हतं, मी मायेनं मांडीवर घेऊन बसली, थोपटली, आणि श्वास मोजलाच नाही. दुसऱ्या दिवशी नर्सताई आल्या, त्यांनी मोजला आणि ताबडतोब दवाखान्यात पाठवलं. ते बाळ वाचलं. आता शाळेत जाते. पण ती रात्र मी विसरत नाही. आता घड्याळ आधी काढते, थोपटणं नंतर.

ताई, तुम्ही शिकून या. आमच्या उपकेंद्राला अशा नर्सताई पाहिजेत ज्या आम्हाला रागावणार नाहीत, बसून दाखवतील, तुमच्या गावच्या सिस्टरसारख्या.

---

जुनी_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:०५

हेटी_गाव ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत मोठा आहे. "घड्याळ आधी, थोपटणं नंतर" हे मी आमच्या कॉलेजच्या फळ्यावर लिहिलं असतं.

कालपासून मनात होतं ते आता लिहिते. केईएमच्या अरुणा शानबाग. तिथेच नर्स होत्या त्या, १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं त्यांच्याच रुग्णालयातल्या नर्सनी त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात त्या नर्सचं कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणावर असून त्यांना बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ दिले नव्हते. आता तू स्वतः रुपयाएवढ्या जखमेसाठी पाच आठवडे कॅलेंडर लिहिलं आहेस, म्हणून तुला कळेल ४२ वर्षं म्हणजे काय. दर दोन तासांनी, रात्री, दिवाळीत, संपात, मुंबई तुंबलेली असताना. शेवटच्या वर्षांत ज्या मुली त्यांना भरवत होत्या, त्यांतल्या कित्येकींचा १९७३ मध्ये जन्मही झालेला नव्हता. त्यांनी अरुणाताईंना कधी बोलताना, हसताना, ड्यूटीवर बघितलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्या हँडओव्हरमध्ये मिळालेल्या एक पेशंट होत्या. एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगितलं, अमुक वेळेला भरवलं, अमुक वेळेला कूस बदलली, आणि ते सांगणं ४२ वर्षं तुटलं नाही.

तू विचारलंस ना, एका माणसाच्या सेवेवर आयुष्याचा निर्णय घ्यावा का. मला वाटतं तुझा प्रश्न थोडा बदलून विचार. तू निघून गेल्यावर पुढची मुलगी तेच करेल असं काम तुला लिहून, सांगून, सोपवून जाता येईल का? तू कॅलेंडरवर वेळा लिहिल्यास. रात्री आईला उठवावं लागलं तेव्हा तिला ते वाचून कूस बदलता आली असेल. त्यालाच आम्ही नर्सिंग म्हणतो.

---

माळरान | मंगळवार, दुपारी १२:४०

काकू, हो. आई तेच वाचायची. माझं नीटचं एक सराव पेपर होतं तेव्हा मी एक रात्र लातूरला होते. परत आले तर कॅलेंडरवर आईच्या अक्षरात "२ ढावी, ४ उतानी" लिहिलेलं होतं. आई चौथी शिकलेली आहे.

---

लेस्टरहून | मंगळवार, सायं. ६:१५

मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये नर्स. परदेशाचं कुणीतरी विचारेलच म्हणून थोडक्यात. इथे नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा, मग लेखी, मग ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा असते. जर्मनीला जायचं तर नोंदणीसाठी जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत लागते, ती आधीपासून धरली तर बरं.

मला सांगायचंय ते ऑस्कीबद्दल. तिथे पेशंटला आपलं नाव सांगितलं का, काय करणार ते सांगून परवानगी घेतली का, अंग झाकलं का, याकडे परीक्षकाचं बारीक लक्ष असतं. तयारी करताना आमच्यातल्या अनुभवी मुलींनाही हे जड गेलं, कारण गर्दीच्या वॉर्डात आमची ती सवय मोडली होती. हात सराईत होते, तोंड बंद होतं. तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांनी औसा तालुक्यातल्या एका घरात, कुणीही मार्क देणारं नसताना ते केलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पण आत्ताच परदेश डोक्यात घेऊ नको. आधी आपल्या वॉर्डात दोन-तीन वर्षं काढ. तिथे जे शिकायला मिळतं ते इथे मिळत नाही.

---

वाळवंटातला_पिंपळ | मंगळवार, रात्री ८:३०

एक सुचवू का? वडिलांना हा धागा वाचायला दे. सगळा नाही तर निदान जुनी सिस्टर आणि कोथरूडकर बाबांचे प्रतिसाद. आपण सांगितलेलं आणि त्रयस्थाने सांगितलेलं यात फरक पडतो. आणि शक्य असेल तर एखाद्या सिस्टरांची परवानगी काढून एक दिवस जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात नुसतं बाकावर बसून ये, सकाळच्या पाळीपासून. आज्जीच्या खोलीबाहेरचं जग दिसेल.

---

जुनी_सिस्टर | मंगळवार, रात्री ९:१०

+१. ओपीडीत बसू नको, स्त्री मेडिसिन वॉर्डात बस. आणि सकाळी आठचा हँडओव्हर चुकवू नको.

---

माळरान | शनिवार, रात्री ९:३५

चार दिवस आले नाही, कारण गावी गेले होते. काय झालं ते सांगते.

गुरुवारी आमच्या सिस्टरांच्या ओळखीने एका रुग्णालयाच्या वॉर्डात सकाळी साडेसातपासून दोनपर्यंत बसले. हँडओव्हर ऐकला. पलंग क्रमांक, नाव, काल काय झालं, लघवी किती, सलाईन किती, कोण जेवलं नाही. ३१ पेशंट, तीन सिस्टर. पहिले दोन तास मला वाटलं आपल्याला हे झेपणार नाही. वास, आवाज, सगळे एकदम हाक मारतात. एक आजी सारखी "पाणी, पाणी" करत होत्या, एक सिस्टर जाता-जाता "नाही द्यायचं" म्हणून निघून गेल्या. मला राग आला. अर्ध्या तासाने त्याच सिस्टर परत आल्या, कापसाचा बोळा ओला करून आजींचे ओठ पुसले, आणि म्हणाल्या, "दुपारी ऑपरेशन आहे ना तुमचं, पोट रिकामं लागतं, म्हणून देत नाही. सुटल्यावर पहिला घोट मीच देईन." आजी गप झाल्या. त्या सिस्टरांना आधी वेळ नव्हता, नंतर त्यांनी काढला. माझा राग चुकीचा होता. त्यांची ड्यूटी दोनला संपली, ऑपरेशन अजून व्हायचं होतं. हँडओव्हरमध्ये त्यांनी दुसऱ्या सिस्टरांना सांगितलेलं मी ऐकलं, "नऊ नंबरला शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना विचारून पाणी, मी कबूल केलंय."

रात्री घरी पप्पांना मोबाइल दिला. ते ओसरीवर बसून वाचत होते, हळूहळू वाचतात. आधी म्हणाले, "हे पुण्याचे बाबा शहाणे दिसतात." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आत जाऊन आज्जीच्या खोलीत दिवा लावला. ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे, कुणी काढलं नाही. तिथे उभं राहून पानं मागे उलटून बघत होते. मला विचारलं, "हे रातचे दोन, चार, समदं तूच उठत होतीस का? मला वाटायचं तुझी माय उठती."

मी म्हटलं, एक रात्र सोडून मीच.

काल सकाळी म्हणाले, "सैन्याचं ते काय लिहिलंय, त्याचा फॉर्म कधी निघतो बघ. आणि ती सीईटी पण भर, दोन्ही असू दे." नीट यंदा पुन्हा देणार आहे, पण आता एएफएमसीसाठी. पप्पा मनापासून तयार आहेत असं मी म्हणणार नाही. लग्नाचं परत निघेल. पण सीईटीची फी त्यांनी स्वतः भरायला दिली.

सिस्टरांना लेस्टरच्या ताईंचा नमस्कार सांगितला. त्यांना इंग्लंडमधून कुणी का नमस्कार सांगतंय ते कळेना, म्हणून सगळं वाचून दाखवलं. डोळे पुसून म्हणाल्या, "मला तर ते पाण्याचं आठवतबी नाही गं."

---

ऑक्सिजन_सिलिंडर | शनिवार, रात्री १०:२०

छान झालं. आता लगेच कागदपत्रांना लाग. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला तहसीलमधून, जात प्रमाणपत्र असेल तर जात वैधता, आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. निकाल लागल्यावर तहसीलला रांगा असतात आणि दरवर्षी मुलांच्या जागा एका दाखल्यासाठी जातात. नॉन-क्रिमिलेअरची मुदत बघून घे, ३१ मार्चला संपत असेल तर नवं काढावं लागेल. आणि दोन्ही अर्जांत नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच, एका अक्षराचाही फरक नको.

---

माळरान | शनिवार, रात्री १०:३१

दादा, अधिवास नाही काढलेला. सोमवारी पप्पांना घेऊन तहसीलला जाते.